घाटात माणसानं बसायचं नसतं

आधी नाकाला कळेल. गुळाचा वास, आणि त्याच्या खालून येणारा शेणाचा, ओल्या गोणपाटाचा, एरंडेलाचा. डोळे किलकिले करून पाहा. अंधार आहे, पण गल्ली जागी आहे. पुण्याची रविवार पेठ, फाल्गुनातली पहाट, 1850 च्या आगेमागचं कुठलंही एक वर्ष. बाजूनं एक हमाल गेला, त्याचा उघडा खांदा तुमच्या दंडाला घासला आणि गुळाचा चिकटा तिथे राहिला. पुसू नका. पनवेल येईपर्यंत तो जाणार नाही.

आगगाडी अजून घाट चढलेली नाही. देशावरचा गूळ, कापूस, धान्य मुंबईला पोचवायचं तर पनवेलच्या बंदरापर्यंत बैलगाडी आणि पुढे मचवा. तीस-पस्तीस कोसांची वाट. बैल धड असले, चाक मोडलं नाही, तर चार-पाच दिवस. तुम्ही त्या गाड्यांपैकी एकीवर बसणार आहात. म्हणजे, बसाल असं तुम्हाला वाटतंय.

गाडीवान शिरूरकडचा कुणबी. सुगी आटोपली की याची गाडी भाड्यावर निघते आणि पावसाच्या तोंडावर घरी येते. तो तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, विशेषतः तुमचे पाय.

"पाव्हणं, वहाणा हैत का धड?"

वहाणांबद्दल का विचारलं, ते खंडाळ्याच्या पुढे कळेल. तूर्त त्याला मामा म्हणा आणि तो काय करतोय ते बघा, कारण ही गोष्ट अंधारात सहज नजरेतून सुटते. साटीवर उसाचं पाचट अंथरलंय आणि त्यावर गुळाच्या ढेपा रचल्या जाताहेत. बैल अजून जुंपलेले नाहीत. जू लाकडाच्या टेकूवर विसावलंय. हमालानं ढेप टाकली की मामा वाकतो, जुवाखाली दोन बोटं घालतो आणि जू उचलून बघतो. मान हलवतो. एक ढेप पुढे घ्यायला लावतो. पुन्हा दोन बोटं. पुन्हा मान हलवतो. अडत्याचा माणूस कंटाळून म्हणतो, "अरे, चल की आता." मामा ऐकत नाही.

दोन चाकांच्या गाडीचं सगळं मर्म या दोन बोटांत आहे. भार आखाच्या पुढे जास्त झाला तर तो बैलांच्या मानेवर येतो आणि दुसऱ्या मुक्कामापर्यंत खांदे सोलवटतात. मागे जास्त झाला तर गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि गळ्यातलं जोतं बैलाचा श्वास कोंडतं. बरोब्बर भरलेल्या गाडीचं जू एवढ्या सगळ्या ओझ्यासकट दोन बोटांवर उचललं जातं, आणि हातात किंचित, अगदी किंचित वजन राहतं. तेवढंच हवं. मुंबईच्या पेढ्यांवर या मालाचे मोठमोठे आकडे लिहिले जातील, पण पहिला हिशेब इथे झाला, एका कुणब्याच्या दोन बोटांवर. मला या साऱ्या व्यवहारात हे सर्वांत मोठं वाटतं.

आता बैल. हरण्या आणि पाखऱ्या, कोसे खिल्लार, लांब शिंगांचे, उंच वशिंडाचे. मामानं "हां, ये" म्हटलं की हरण्या आपणहून जुवाखाली मान घालतो. पाखऱ्याला जरा समजवावं लागतं. जवळ जा, घाबरू नका. त्याचा श्वास तुमच्या पोटाला गरम लागेल, आणि त्याला कडब्याचा गोडसर वास असेल. मानेवर हात ठेवा. जू बसतं तिथलं कातडं केस झडून घट्ट झालंय, नांगर धरणाऱ्या माणसाच्या तळव्यासारखं.

निघालो.

पहिल्या अर्ध्या कोसात तुमचा एकच विचार असेल, की हा आवाज थांबणार कधी. आख करकरतो, साटी कुरकुरते, घुंगरमाळा वाजतात, आणि हे सगळं पुढे-मागे मिळून पंचवीस-तीस गाड्यांचं. दगडावरून लोखंडी धाव गेली की हादरा माकडहाडातून थेट दातांत येतो. पण दापोडी मागे पडेस्तोवर कानांना सवय होते. मग उलटंच होतं. आवाज जरा बदलला की मामा डुलकीतून जागा होतो. गाडीखाली बांबूचा नळा लोंबतोय, त्यात एरंडेलात कालवलेली काजळी आहे. तो उतरतो, तुंब्याजवळ आखाला वंगण चोपडतो आणि पुन्हा चढून बसतो. बोटं धोतराला पुसतो. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवानाच्या धोतराला उजव्या मांडीवर हाच काळा डाग दिसेल.

ही अशी हलकी, आऱ्यांच्या चाकांची, एका बैलजोडीची गाडी मामाच्या बापाच्या तरुणपणी नव्हती. तेव्हाचा गाडा म्हणजे भरीव चाकांचं धूड. त्याला आठ-आठ बैल लागत, आणि रस्ता असला तर तो हलायचा. टेंभुर्णीला गेसफर्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं 1830 च्या दशकात हलक्या गाड्या बनवायला सुरुवात केली, आणि गावोगावचे सुतार पाहता पाहता तशा गाड्या बांधू लागले. त्याआधी देश आणि कोकण यांच्यातला माल मुख्यतः पाठीवरून जायचा. लमाणांचे, वंजाऱ्यांचे तांडे, शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी गोणी. बैलाच्या पाठीवर शे-सव्वाशे किलो म्हणजे फार झालं. तेच ओझं चाकावर आलं की दोन बैल अर्धा टन ओढतात. चिंचवडच्या पुढे असा एक तांडा समोरून येताना दिसेल. धुळीचा एक लोट, त्यात डुलणारी शिंगं, आरशांच्या घागऱ्यांचा लखलखाट, कुत्री, कडेवरची पोरं. गोण्यांत मीठ आहे. म्होरक्या बैलाच्या कपाळाला कवड्या बांधल्यात आणि तो गाड्यांकडे न बघता निघून जातो. मामाही तांड्याकडे फारसं बघत नाही. त्यांच्या पोटावर आपली चाकं चाललीत हे त्याला ठाऊक असावं.

ऊन वर आलं की मधमाश्या येतात. गूळ घेऊन निघालात, तेव्हा त्या येणारच. आधी पाच-सहा, मग पन्नास, मग गांधीलमाश्याही. हात झटकू नका, चिडतील. उपरणं डोक्यावरून घ्या आणि ओठ मिटून बसा. धूळही आहेच. ती दातांखाली करकरते, पापण्यांवर बसते, घामात कालवली जाऊन मानेवर रेघा उठवते. दुपारपर्यंत तुमचा, मामाचा आणि बैलांचा रंग एकच झालेला असेल. ढेपा कोपऱ्यांवर मऊ पडतात आणि पाचटातून एक तांबूस धार आखावर उतरते. मामा ती बोटानं निपटतो आणि तुमच्यापुढे धरतो. खा. असा गूळ पुन्हा मिळायचा नाही.

इंद्रायणीच्या काठी गाड्या पाण्यात घालतात. तुम्हाला वाटेल बैलांना पाजायला. तेही खरं, पण मुख्य काम चाकांचं आहे. फाल्गुनाच्या उन्हात बाभळीचं लाकूड सुकतं, आक्रसतं, आणि आगीत तापवून चढवलेली घट्ट धावही ढिली होते. मग चाक चालताना खुळखुळतं. मामाला तो खुळखुळाट तळेगावापासून ऐकू येत होता. त्यानं गाडी आखापर्यंत पाण्यात उभी केली, बैल सोडले आणि काठावर चिलीम भरायला बसला. चकमक झाडली, कापसावर ठिणगी धरली. "लाकूड पानी पितंय," तो म्हणतो, "घाई करायची न्हाई." तुम्हीही गुडघाभर पाण्यात उतरा. चाकाला कान लावा. चिरांतून बारीक बुडबुडे सुटताना ऐकू येतात. तासाभरात आरे आणि पुठ्ठे फुगतात, धाव पुन्हा घट्ट आवळते. एक खिळाही ठोकावा लागत नाही.

दुसरा मुक्काम खडकाळ्याच्या अलीकडे. पंचवीस चुली पेटतात आणि माळावर धूर जमिनीलगत पसरतो. तीन दगड, गोवऱ्या, पाण्याचं तपेलं. मामा ज्वारीचं पीठ परातीत घेऊन अशा सफाईनं भाकरी थापतो, की घरी ही कामं कोण करतं असा प्रश्न पडावा. भाकरी, लसणीचा ठेचा, फोडलेला कांदा, आणि फुटलेल्या ढेपेचा खडा. चहाची तल्लफ आली असेल तर ती गिळा. चहा अजून गाडीवानांच्या चुलीपर्यंत पोचलेला नाही. पण जेवण आधी तुमचं नाही, बैलांचं. कडब्याच्या पेंढ्या, सरकीची आंबवणी. मग मामा तेल-हळद घेऊन दोघांच्या माना चोळतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी खांदेमळणी होते, त्यासाठी सणाची वाट गाडीवानाला बघून चालत नाही. त्याचा अंगठा वशिंडाच्या पुढच्या खळगीत फिरत राहतो, कुठे ऊन लागतंय, कुठे सुजलंय ते चाचपत. पाखऱ्या डोळे मिटून खालचा ओठ लोंबू देतो. खांदा आला तर बैल दहा-दहा दिवस बसून राहतो, आणि या जोडीवर सावकाराचे पैसे आहेत. पण नुसत्या पैशापायी इतका वेळ कुणी अंगठा फिरवत नाही.

रात्री निजायचं गाडीखाली. वाघाचं नाव कुणी काढत नाही, "जनावर" म्हणतात, तेही हळू आवाजात. दूर बैलांनी एकाच वेळी रवंथ थांबवला की साऱ्या माळावर माणसं कोपरावर उठतात. मग रवंथ पुन्हा सुरू होतो आणि माणसं आडवी होतात.

पहाटे चांदणं असेपर्यंत पुढे. रॉकेलचा कंदील अजून यायचाय, त्यामुळे काळोखात पुढच्या गाडीचा करकराट हीच वाट. गाडीवान झोपलेले असतात. सगळ्यांत पुढचा बैल तेवढा जागा असतो आणि बाकीचे त्याच्या मागे, पुढच्या साटीला नाक लावून. लोहगड, विसापूर डावीकडे काळे उभे राहतात आणि मागे पडतात. कार्ल्याजवळ कुणीतरी झोपेतच एकवीरेला हात जोडतं. लोणावळ्याला वारा बदलतो. खंडाळ्याला गाड्या थांबतात.

आता उतरा.

"घाटात माणसानं बसायचं नसतं," मामा म्हणतो. भार कमी करणं हे एक कारण झालं. दुसरं, माणूस वर बसला तर बैलाला वाटतं की धन्याला भीती नाही. धन्यानं भ्यायला हवं, म्हणजे बैल जपून पाय टाकतो. मी हे असं लिहिलेलं कुठे वाचलेलं नाही, पण ज्यानं ओझ्याची गाडी उतारावर नेली आहे त्याला विचारून बघा.

बोरघाटातला हा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. मुंबईचा गव्हर्नर माल्कम त्यासाठी आला होता. तुम्हाला त्या समारंभाशी कर्तव्य नाही. तुमच्यापुढे रस्ता एकदम खाली वाकतो आणि नाहीसा होतो, तिथे दरी आहे. डावीकडे नागफणीचा कडा, उजवीकडे लांबवर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, आणि खाली धुक्यात बुडालेलं कोकण. दरीतून ऊन ओल्या वाफेसारखं वर येतंय. पळस पेटलेत. पण बघायला सवड नाही, कारण मामानं एका चाकाच्या आऱ्यांतून दोर ओवून साटीला करकचून आवळलाय. ते चाक आता फिरणार नाही, नुसतं घसटत जाईल. साटीच्या मागे झाडाचा एक जाड ओंडका बांधलाय. तुमच्या हातात एक धोंडा दिलाय.

"गाडी थांबली की चाकापुढं टाकायचा. हात काढून घ्यायचा, मंग टाकायचा न्हाई. टाकायचा, मंग हात काढायचा. पन बिगीनं."

आणि गाडी सुटते. आतापर्यंत बैल गाडी ओढत होते, आता गाडी बैलांना ढकलतेय. भार सारा पुढे आलाय, जू मानेवरून शिंगांच्या मुळाशी सरकलंय. हरण्यानं पुढचे पाय ताठ केलेत, मान मागे रेटलीय, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. मामा तोंड बैलांकडे करून उलट्या पावलांनी उतरतोय, दोन्ही हातांनी जू रेटून धरलेलं, आणि सारखं बोलतोय. शिवी नाही, आरोळी नाही. तान्ह्या पोराशी बोलावं तसं, "हळू रं लेकरा, हळू माझ्या राजा, हां, हां, हां." बांधलेल्या चाकाची धाव दगडाला घासून ठिणग्या टाकतेय, तापलेल्या लोखंडाचा वास नाकात झोंबतोय, ओंडका मागे धुळीचा पडदा ओढतोय. टाच खडीत घसरते. वहाणांबद्दल का विचारलं ते आता कळलं? धोंडा टाका. टाकलात? बैलांना श्वास घेऊ द्या. धोंडा उचला. पुन्हा.

वळणावर खालून आरोळी येते आणि सारा उतार जागच्या जागी थबकतो. चढत्या गाड्या येताहेत, मिठाच्या, नारळाच्या, सुकटीच्या. चढाला प्रत्येक गाडीला पुढे आणखी एक जोडी जुंपलीय. चार बैल गुडघ्यांवर येईस्तोवर वाकलेत, चाबूक हवेत फुटताहेत, दहा माणसं मागून खांदे लावताहेत. रस्ता एवढासाच. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काहीच नाही. गाड्या एकमेकींना अंगुळभर अंतरानं ओलांडतात, आख आखाला टेकतो की काय असं होतं. एक चढती गाडी कडेला बसलीय. आख मोडलाय, मीठ रस्त्यावर सांडलंय आणि एक बैल आडवा पडून राहिलाय. त्याचा धनी त्याच्या मानेखाली आपलं मुंडासं घडी करून ठेवतोय. मामा त्याच्याकडे बघत नाही. बघितलं तर हात ढिला पडेल. पण उतरून पुढे गेल्यावर, बऱ्याच वेळानं, तो एवढंच म्हणतो, "उठंल. तरना हुता."

या घाटात आज शिंग्रोबाचं देऊळ आहे. ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली त्याचं, असं सांगतात. गाड्या हाकणारे अजून तिथे नाणं टाकतात. मीही टाकतो, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे धनगराबरोबर तो आडवा बैलही येतो. हा रस्ता त्याच्याही मानेवर उभा राहिला.

खोपोलीला पोचाल तेव्हा पोटऱ्या थरथरत असतील आणि हाताला धोंड्याचे ओरखडे. नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं समोर आहे. बैल सोडा, पाण्यात शिरू द्या, तुम्हीही शिरा. हवा दमट झालीय, अंगाला चिकटतेय, देशावरचं कोरडं ऊन वर राहिलं. पुढे खालापूर, चौक, मग सपाट भातखाचरं. या वाटेवर फार काही घडत नाही, घडू नये म्हणूनच गाडीवान नवस बोललेले असतात.

पनवेल डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला दिसतं. बोंबील, सुकट, खाडीचा चिखल, ओला काथ्या, डांबर. बंदरावर गाड्यांची एवढी गर्दी, की सगळ्यांची धुरं एकमेकांत अडकल्यागत दिसतात. सुतारांचे वासले चाललेत. इथले सुतार चाकं करण्यात वाकबगार, धावा तापवायला गोवऱ्यांचे ढीग पेटलेले, आणि लालभडक धावेवर पाणी पडलं की उठणारा चर्र आवाज सारखा चालू. दलाल मराठीत भाव सांगतो, गुजरातीत घासाघीस करतो. खाडीत भरती चढतेय आणि मचव्यांचे तांडेल ओरडताहेत. पाणी ओसरायच्या आत माल चढला नाही तर मचवा चिखलात बसेल आणि बारा तास गेले. हमाल ओल्या फळीवरून ढेपा घेऊन पळतात, फळी लवते, उसळते. तुमची गाडी रिकामी व्हायला चिलीम ओढून होण्याइतकाही वेळ लागत नाही. पाच दिवस जपून आणलेला गूळ मचव्याच्या पोटात गेला, आणि पाचटाला चिकटलेल्या दोन-चार खड्यांवर मुंग्या आल्या.

हरण्या-पाखऱ्या सावलीत बसून रवंथ करताहेत. मामा त्यांच्या माना चोळतोय. 1863 साली आगगाडी हा घाट चढेल, मग गाड्यांच्या वाटा स्टेशनाकडे वळतील आणि बोरघाटातली ही चाकांची करकर विरळ होईल. मामाला ते माहीत नाही, आणि तुम्ही सांगूही नका. त्याला परतीचं भाडं मिळालंय. मीठ.

ओली, जड पोती साटीवर चढू लागतात. तुम्ही बाजूला उभे आहात, आता कुणी तुम्हाला पाहुणा म्हणून बघत नाही. मामा वंगणाचा नळा भरायला गेलाय. जाताना जुवाकडे हनुवटीनं खूण करून म्हणतो, "बघा जरा."

वाका. दोन बोटं जुवाखाली घाला. चढ लागणार आहे, गाडी मागे ओढली जाणार आहे, हे लक्षात ठेवा. उचला.

जड आहे? मग ते वरचं पोतं मागे घ्यायला सांगा. नाही, थांबा. चढ आहे. राहू द्या तसंच.